कागद मजुराचा, भाषा कोणाची?

21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. संहिता म्हणजे एका विषयावरचे अनेक कायदे एकत्र करून केलेला एक मोठा कायदा. जुने 29 केंद्रीय कायदे मोडीत काढून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागची सुरक्षितता अशी चार गाठोडी बांधली गेली. तेव्हापासून बातम्यांत एक वाक्य सारखं ऐकू येतं: आता कामगाराला नेमणूकपत्र मिळणार.

मिळावंच. पण हे वाक्य नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर किंवा यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात ऐकलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पत्र येईल, त्यावर सही किंवा अंगठाही होईल, पण त्यात काय लिहिलंय ते त्या माणसाला कळेल का? नाही कळलं, तर तो विचारू शकेल का? विचारलं, तर त्याला उत्तर कोणत्या सुरात मिळेल?

भाषा आणि कष्टकऱ्याची प्रतिष्ठा असा विषय निघाला की चर्चा लगेच 'सगळ्यांशी गोड बोलावं' या उपदेशावर येऊन थांबते. विषय तेवढाच असता तर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार पुरला असता. इथे गाठ मजुरीशी, औषधाच्या डब्याशी आणि पोलीस ठाण्यातल्या जबाबाशी आहे.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. दिवस मावळताना बांधावर काटा लागतो. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि त्याचा आकडा एकाच बाजूला उजळतो. ते तोंड मालकाकडे असेल, तर वेचणाऱ्या बाईसाठी वजन म्हणजे मालक बोलेल तो आकडा. मालक लबाडच असतो असं नाही, बहुतेक नसतोही. तरी तो खात्रीने घरी जातो आणि ती विश्वासावर. मजुराशी होणारं बोलणं-लिहिणं या काट्यासारखं आहे. आकडा दोघांना दिसतो का, एवढंच तपासायचं.

खान्देशातला मजूर बोलतो काय?

बाहेरच्याला वाटतं, खान्देश म्हणजे अहिराणी. ते अर्धंच खरं आहे. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी आहे आणि ती नाशिक जिल्ह्यात बागलाण-मालेगावपर्यंत पसरते. जळगाव-भुसावळ-यावल-रावेर भागात लेवा गणबोली. शहाद्याकडे गुजर बोली. सातपुड्यात चढलात की धडगावला पावरी, नवापूरकडे मावची आणि भिलीची आणखी कितीतरी रूपं. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. शहरांच्या मोहल्ल्यांत उर्दू.

सरकारी मोजणीत या सगळ्यांचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. 2011 च्या जनगणनेत 'खान्देशी' नावाच्या खान्यात सुमारे 18 लाख 60 हजार माणसं आहेत आणि त्यात मोठा वाटा अहिराणीचा. 2001 मध्ये हाच आकडा 20 लाख 75 हजार होता. म्हणजे दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि बोलणारे कमी झाले. माणसं काही मेली नाहीत. गणकाने विचारलं तेव्हा अनेकांनी सरळ 'मराठी' सांगून टाकलं, असं मला वाटतं, कारण आपली बोली ही सांगायची गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नाही. पावरी, मावची वगैरे 'भिली' या एका मोठ्या नावाखाली जातात. त्या नावाखाली देशभरात एक कोटी चार लाखांवर लोक आहेत, तरीही भिली संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत नाही. गोरमाटीची तर गंमतच आहे: ती बोलणारा तांडा चाळीसगावात असला तरी जनगणनेत हिंदीच्या खात्यावर मोजला जातो.

एवढं लांबण लावण्याचं कारण असं, की 'आम्ही स्थानिक भाषेत माहिती दिली होती' असं एखादा ठेकेदार किंवा अधिकारी म्हणतो तेव्हा ती स्थानिक भाषा म्हणजे प्रमाण मराठी असते. शिरपूरच्या पावरा आदिवासी बाईसाठी ती शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते. शाळेत गेलीच नसेल, तर बाजारात ऐकलेली तिसरी.

'तू' कधी लागतं आणि कधी लागत नाही

पहिला आक्षेप आमच्याच माणसांचा असतो. "आमच्या अहिराणीत सगळ्यांनाच तू म्हणतात. बापाला तू, आजीला तू. मग सालदाराला तू म्हटलं तर अपमान कसला?"

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. मुद्दा बिनतोड वाटतो, आणि अर्धा तो आहेही. पुण्याहून आलेल्या साहेबाला आमचं तू-तारी उद्धट वाटतं, तो त्याच्या कानाचा दोष. प्रमाण मराठीतही आई तूच असते आणि विठोबाही तूच असतो. म्हणजे तू या शब्दात अपमान भरलेला नाही.

मग तो येतो कुठून? रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1960 मध्ये युरोपातल्या भाषांवर एक निबंध लिहिला. फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषांतही तू आणि तुम्ही असा भेद आहे. त्यांचं निरीक्षण साधं होतं. दोघं एकमेकांना तू म्हणत असतील तर ती जवळीक. दोघं एकमेकांना तुम्ही म्हणत असतील तर ते अंतर, पण बरोबरीचं. एक जण तू म्हणतो आणि दुसऱ्याला मात्र तुम्हीच म्हणावं लागतं, तिथे सत्ता आहे. शब्दाकडे बघून यातलं काहीच कळत नाही, त्याची परतफेड होते का ते बघावं लागतं.

हीच कसोटी आमच्या गावाला लावा. मालकाचा आठवीतला पोरगा साठीच्या सालदाराला नावाने हाक मारतो, "ए, बैलं सोड." तो सालदार त्या पोराला काय म्हणतो? दादा म्हणतो. बापाला आबा, नाही तर पाटील. इथे 'अहिराणीत सगळेच तू' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण सालदाराने उलट "ए, पाणी आण" म्हटलं तर काय होईल हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या घरांत पोरं सालदाराला मामा म्हणतात आणि तो त्यांना तू म्हणतो, तिथे तोच शब्द निर्मळ असतो.

तालुक्याच्या एका बँकेत पाहिलेलं सांगतो. काउंटरवर पन्नाशीची पावरा बाई, हातात पासबुक पिशवीत गुंडाळलेलं. "आंगठा दे. इथं नाही, इथं. ऐकू येत नाही का?" तिचं झालं आणि मागून एका दुकानाचे मालक आले. "या शेठ, बसा. काय म्हणता?" तोच कारकून, तीच खुर्ची. माणूस वाईट नव्हता, बाईचं काम त्याने अडवलं नाही, चकरा मारायला लावल्या नाहीत. पण शेठने व्याज कधी जमा होतं, कार्ड का चालत नाही, दोन सह्या कशाला, असे चार-पाच प्रश्न विचारले. बाईने एकही विचारला नाही. खात्यात किती आले तेही नाही. बाहेर येऊन तिने पासबुक एका कॉलेजच्या पोराला दाखवलं आणि त्याच्याकडून रक्कम विचारून घेतली.

एकतर्फी भाषेची खरी किंमत ही आहे. मन दुखावतं ते तर आहेच, पण त्याहून महाग पडतं ते उलट विचारण्याचं बंद होणं. ज्याला विचारता येत नाही त्याला आकडा दिसत नाही.

जातीच्या नावाने हाक मारण्याची गोष्ट मात्र शिष्टाचाराच्या पलीकडची आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी जातिवाचक शिवी देणं किंवा अपमान करण्याच्या हेतूने हिणवणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 'गमतीत म्हटलं' ही सबब गावात चालते, कोर्टात तिचा भरवसा धरू नये. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. पाट्या बऱ्याच बदलल्या, तोंडातली नावं तशीच आहेत.

आखाजीची बोलणी आणि मालकाची वही

खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला बदलतं. ओट्यावर बोलणी होतात. रोख किती, धान्य किती, कपडे, चपला, पोळ्याची सुटी, घरात लग्नकार्य निघालं तर उचल किती मिळेल. उचल म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, जे पुढे मजुरीतून वळते होतात. चहा होतो, साल ठरतं. कागद होत नाही. झालाच तर मालकाच्या वहीत एक ओळ.

भांडण वर्षअखेरीस उगवतं, आणि ते रोख रकमेवरून क्वचितच असतं. असतं ते खाड्यांवरून. सालदार आजारी होता ते चार दिवस खाडे धरायचे का? बैलाने पाय तुडवला म्हणून दवाखान्यात पडून राहिला ते? पोरीच्या बाळंतपणाला गेला ते? आखाजीला यातलं कुणी काढलं नव्हतं. मालक म्हणतो, "काम नही, मजुरी नही." सालदाराला वाटतं, शेतात लागलं ते मालकाच्या खात्यावर. दोघंही आपापल्या समजुतीत खरे असतात, पण वही एकाच्याच घरात असते.

नव्या संहिता इथे काय करतात? वेतन संहितेने मजुरीची पावती देणं, मजुरीचे दर, पगाराचा दिवस आणि निरीक्षकाचं नाव-पत्ता फलकावर लावणं मालकावर बंधनकारक केलं आहे. चांगलं आहे. फक्त त्याच कलमात पुढे एक सूट आहे: शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपेक्षा जास्त माणसं ठेवत नसलेल्या मालकाला हे फलक, नोंदवही, पावती लागू नाही. नेमणूकपत्राची तरतूद सुरक्षिततेच्या संहितेत आहे आणि ती साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना धरून आहे. म्हणजे एक-दोन सालदार ठेवणारा शेतकरी आणि धुणीभांडी करणारी बाई ठेवणारं घर दोन्ही कागदाच्या बाहेर. आपल्याकडचे सर्वांत जास्त मजूर नेमके याच घरांत आणि याच शेतांत आहेत.

ही सूट कागद न ठेवण्याची आहे, मजुरी बुडवण्याची नाही. किमान वेतन शेतमजुरालाही लागू आहे, आणि निरीक्षकाने मागितलं तर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा अशा मालकालाही दाखवावा लागतो. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कारखान्यांचं काय? तिथे भाषेचा विचार कायद्याने पूर्वीच केला होता. 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात. नोकरीचे नियम फलकावर लावण्याबाबत 1946 च्या स्थायी आदेश कायद्यातही असंच होतं. गोम 'बहुसंख्य' या शब्दात आहे. जळगावच्या डाळमिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात लेवा बोलणारे आहेत, अहिराणी बोलणारे आहेत, मध्य प्रदेशातून आलेले आहेत. बहुसंख्यांची भाषा धरली की ज्याला सर्वांत कमी कळतं, जो सर्वांत नवा आणि सर्वांत लांबून आलेला आहे, तोच नेमका बाहेर राहतो. अपघातही बहुधा नव्या माणसाचाच होतो. शिवाय फलक वाचायचा असतो, आणि नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता 2011 मध्ये जेमतेम 64 टक्के होती.

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण

हा भाग छोटा आहे, पण जिवाशी आहे. कपाशीवर फवारणी मजूर करतो आणि डबा मालकाने आणलेला असतो. कीटकनाशक नियमांनुसार माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत द्यावं लागतं. अक्षरं मुंगीएवढी. पण नियम करणाऱ्यांनी एक शहाणपणा केला: डब्यावर एक चौकोन तिरपा उभा केलेला असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अतिविषारी, त्यावर कवटीचं चित्रही असतं. पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. वाचता न येणाऱ्याशी बोलणारी ही भाषा आहे.

ती उपयोगी पडते का? हिरव्या रंगाचा आपल्याकडचा अर्थ काय? शेत, पीक, सगळं ठीक. हिरवा त्रिकोण पाहून 'हे औषध बिनविषारी' असं समजणारे सुशिक्षित शेतकरीही भेटतात. तो कमी विषारी आहे, बिनविषारी नाही. चित्रसुद्धा कुणीतरी एकदा तोंडाने समजावून सांगावं लागतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, हातमोजे-मास्क नसणं. सगळा दोष भाषेवर टाकणं खोटं ठरेल. पण डब्यावर काय लिहिलंय ते फवारणाऱ्याला ठाऊक नसणं ही गोष्ट त्या प्रत्येक कारणाला मदतच करते.

"गोड बोलून पोट भरतं का? पगार वाढवा"

हा आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो. सन्मानाची नावं देऊन पैसे वाचवण्याची आपली जुनी खोड आहे. अंगणवाडीतल्या बाई 'सेविका'. गावोगाव फिरणारी आशा 'स्वयंसेविका'. तिला मिळतं ते वेतन नव्हे, 'मानधन'. शहरात जेवण पोचवणारा पोरगा 'पार्टनर'. नावं ऐकून उर भरून यावा. पण सेविकेला कामाचे तास मागता येत नाहीत, स्वयंसेविकेला किमान वेतन मागता येत नाही आणि पार्टनरला नफ्यात वाटा नसतो.

ही शाब्दिक चलाखी किती खोल जाते ते ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात दिसलं. ग्रॅच्युइटी म्हणजे दीर्घ नोकरीनंतर मिळणारी एकरकमी रक्कम, 1972 च्या कायद्याने दिलेली. अंगणवाडी सेविकांना ती नाकारली जात होती, कारण त्या मानधनावर आहेत. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या सेविकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे आणि ग्रॅच्युइटी त्यांना लागू आहे. नाव बदलून हक्क बुडत नाही, पण ते सिद्ध करायला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

उलट बाजूचं उदाहरण ऊसतोडीचं. आपल्याकडून दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला टोळ्या जातात. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या हातात, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते, आणि वहीत तिचं नाव नसतं. हाक मारताना कुणी तिला ताई म्हणालं की काय म्हणालं, याने तिच्या मजुरीत फरक पडत नाही. वहीत नाव आलं तर पडतो.

म्हणून 'पगार की शब्द' असं भांडण लावण्यात अर्थ नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यात आदिवासी सालदार आणि शेतमजूर संघटित झाले तेव्हा मागण्या जमिनीच्या आणि मजुरीच्या होत्या. त्या चळवळीतले अंबरसिंग सुरतवंती स्वतः भिल्ल होते. सभेत बोलणारा आपल्यातला असला की मजुरीचा दर हा समोरचा सांगेल तो आकडा राहत नाही, त्यावर घासाघीस करता येते.

"इतक्या बोलींत कागद कुठून आणायचे?"

नका आणू. पावरीत नेमणूकपत्र छापलं तरी ते वाचणारा त्याच अडचणीत असेल, कारण पावरी त्याने कधी वाचलेली नाही, बोललेली आहे. बोलीत उत्तर बोलूनच द्यावं लागेल.

कागद मराठीतच ठेवा, पण तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि वाचणारा मजुराच्या बाजूचा असू द्या. जवळजवळ प्रत्येक टोळीत, प्रत्येक पाळीत दोन भाषा येणारा एक तरी पोरगा असतो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला हे काम देऊ नका. त्याचं कमिशन दुसरीकडून येतं. आकडे अंकांत लिहा: 300 हा आकडा अक्षरं न येणाऱ्यालाही बहुधा ओळखता येतो, कारण नोटा तो रोज मोजतो. आणि वाचून झाल्यावर "समजलं का?" असं कधीच विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. बँकेतल्या बाईनेही हो म्हटलं असतं. त्याऐवजी, "खाडा कधी धरणार, ते तुम्हीच सांगा बघू" असं विचारा. चांगले डॉक्टर गोळ्या दिल्यावर पेशंटकडून असंच वदवून घेतात. माणूस आपल्या बोलीत परत सांगू लागला की दोन मिनिटांत कळतं, कुठे गफलत आहे ते.

याला खर्च काहीच नाही. अडचण दुसरीच आहे. असं विचारलं की मजूर उलट प्रश्न विचारतो, आणि ते कित्येक मालकांना आवडत नाही.

"मग त्यांनीच मराठी शिकावी की"

शिकतातच. शिरपूर तालुक्यातला एखादा पावरा तरुण घ्या. घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, गुजरातेत उसाच्या फडावर गुजराती, कारखान्यात हिंदी. त्याच्या मालकाला बहुधा दोन भाषा येतात. तरी अडाणी कोण, तर पोरगा. 2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर राज्यभर केवढं रान उठलं आणि शासनाने जूनअखेर तो निर्णय मागे घेतला. त्या सगळ्या चर्चेत, ज्यांना पहिलीत मराठीच परकी असते त्या सातपुड्यातल्या मुलांचा उल्लेख फार थोड्यांनी केला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्याने करावी असं संविधानाच्या 350-क या अनुच्छेदात आहे.

प्रमाण मराठी शिकणं फायद्याचं आहे, यात वाद नाही. पण शिकून होईपर्यंतची मजुरी, शिकून होईपर्यंतची फवारणी, ती कोणत्या भाषेत?

तक्रार करायची वेळ आली तर

इथे कायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा बरा आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद तोंडी देता येते. ती लिहून घेणं, वाचून दाखवणं आणि एक प्रत फुकट देणं हे पोलिसांचं काम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. खटल्यात साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल तर ती त्याला समजावून द्यावी लागते. आणि संविधानाचा 350 वा अनुच्छेद म्हणतो की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो.

कायदा आणि टेबल यांच्यामध्ये मात्र जबाबाची भाषा आडवी येते. मजूर सांगतो, "त्यानी माले मारं, मजुरी बी दिधी नही." कागदावर उतरतं, "मी समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की, सदर इसमाने..." यात लबाडी असेलच असं नाही, ती त्या खात्याची घडवलेली भाषा आहे. पण वाचून दाखवल्यावर मजुराला तो आपला जबाब म्हणून ओळखताच येत नाही, आणि ओळखता न आल्याने त्यातली चूकही सापडत नाही. किती दिवसांची मजुरी, कोणत्या तारखेला, कोणासमोर, या तीन गोष्टी तरी पुन्हा विचारून घ्याव्यात. सही-अंगठ्याआधी "माले समजनं नही, परत वाचा" असं म्हणण्याने कुठलाच गुन्हा होत नाही. निरक्षर माणसाचा, विशेषतः बाईचा अंगठा घेतलेल्या व्यवहारात मजकूर वाचून-समजावून दिला होता हे दाखवण्याची जबाबदारी अनेकदा कागद करून घेणाऱ्यावरच येते.

मजुरीच्या तक्रारीसाठी जो अधिकारी पूर्वी कामगार निरीक्षक म्हणून ओळखला जायचा, त्याला नव्या संहितांनी निरीक्षक-तथा-सुविधाकार असं अवजड नाव दिलं आहे. नाव काहीही असो, पाच किंवा कमी मजूर ठेवणाऱ्या शेतमालकाकडेही तो मजुरी दिल्याचा पुरावा मागू शकतो. तेव्हा मालक वही काढील. त्या वहीतल्या नोंदीशी ताडून बघायला सालदाराकडे आपलं काहीतरी हवं. आखाजीला बोलणी झाली की ठरलेल्या गोष्टी, खाड्याच्या अटीसकट, दोघांसमोर मोबाइलमध्ये बोलून ठेवता येतात. अहिराणीत असोत की पावरीत. उचल घेतल्यावर वहीच्या त्या पानाचा फोटो घरातल्या पोराच्या फोनवर काढून घेता येतो. मालक सरळ असेल तर तो स्वतःच पान पुढे करील.